हवेत अधांतरी दाणा: ध्वनी-लेव्हिटेटरच्या प्रकल्प नोंदी

५ जून: उद्दिष्ट आणि कागदावरचं गणित

आवाजाच्या जोरावर हवेत वस्तू अधांतरी धरून ठेवणारं यंत्र बनवायचं आहे. दोरा नाही, चुंबक नाही, पंखा नाही. वारंवारता ४० किलोहर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेच्या दुप्पट. बघणाऱ्याला काहीच ऐकू येणार नाही आणि दाणा मात्र जागचा हलणार नाही.

कल्पना जुनी आहे. ऑगस्ट कुंड्ट यांनी १८६६ मध्ये काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरून आत आवाज घुमवला, तेव्हा भुकटीचे ठरावीक अंतरावर ढीग जमले. १९३३ मध्ये ब्यूक्स आणि म्युलर यांनी कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या मदतीने अल्कोहोलचे थेंब चक्क हवेत धरले. फरक एवढाच की आता हेच काम गाडीच्या पार्किंग सेन्सरमध्ये असतो तसल्या छोट्या ट्रान्सड्यूसरवर (विजेचं आवाजात आणि आवाजाचं विजेत रूपांतर करणारा भाग) होतं.

तत्त्व असं: समोरासमोर ठेवलेले दोन स्रोत एकाच वारंवारतेवर चालवले की मधल्या हवेत स्थिर तरंग तयार होतो. काही ठिकाणी दाब जोरात वर-खाली होतो, काही ठिकाणी जवळपास बदलतच नाही. ही दुसरी ठिकाणं म्हणजे दाबाचे नोड. हवेपेक्षा जड आणि टणक अशी कुठलीही छोटी वस्तू नोडकडे ढकलली जाते. दोन नोडमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं. २५ अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४६.४ मीटर. भागिले ४०,०००, म्हणजे तरंगलांबी ८.६६ मिलिमीटर आणि नोडचं अंतर ४.३३ मिलिमीटर. वस्तू याच्या निम्म्याहून लहान असलेली बरी. दोन मिलिमीटरचा दाणा उत्तम, चारचा अगदी टोकाचा.

आता सगळ्यात गमतीचा भाग. ‘दाणा लहान घेतला की लवकर तरंगेल’ असं कुणालाही वाटतं. तसं होत नाही. नोडकडे ढकलणारं बल वस्तूच्या घनफळाच्या प्रमाणात असतं आणि वजनही घनफळाच्याच प्रमाणात. त्यामुळे आकार दोन्ही बाजूंनी कटतो आणि उरते फक्त घनता. अर्ध्या मिलिमीटरचा पाण्याचा थेंब उचलायला जेवढा दाब लागतो, तेवढाच दोन मिलिमीटरच्या थेंबालाही लागतो. थर्माकोल तरंगतो तो लहान असल्यामुळे नाही, तर त्याची घनता घनमीटरला जेमतेम २५ किलो असल्यामुळे.

आकडे मांडले तर थर्माकोलसाठी दाबाचा चढउतार सुमारे २८० पास्कल हवा, म्हणजे अंदाजे १४० डेसिबल. पाण्यासाठी सुमारे १,७६० पास्कल, म्हणजे १५६ डेसिबलच्या आसपास. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल आहे, तेव्हा पाण्याचा थेंब तोलायला हवेच्या दाबात पावणेदोन टक्के हेलकावा पुरतो. वाचायला किरकोळ वाटतं, मिळवायला तितकं सोपं नाही. घनता ४० पट झाली तर दाब ४० पट लागत नाही, ४० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ६.३ पट लागतो. कारण बल दाबाच्या वर्गावर अवलंबून आहे. पुढच्या प्रत्येक निर्णयात हा वर्ग आडवा येणार आहे.

काम दोन टप्प्यांत: आधी ट्रान्सड्यूसरची एकच जोडी आणि थर्माकोल, मग ७२ ट्रान्सड्यूसर आणि पाणी.

८ जून: पहिल्या टप्प्याचं सामान

अंतर मोजणारे एचसी-एसआर०४ सेन्सर दोन. दोन कशाला? प्रत्येकावर डोळ्यांसारखे जे दोन डबे दिसतात, त्यांतला एक आवाज पाठवणारा (पाठीवर टी) आणि दुसरा ऐकणारा (आर). दिसायला सारखे असले तरी टी हा प्रक्षेपणासाठी बनवलेला असतो, म्हणून दोन्ही बाजूंना टी हवेत. दोन्ही १६ मिलिमीटर व्यासाचे.

बाकी सामान: आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर, ९ ते १२ व्होल्टचा डीसी अॅडॉप्टर, जंपर वायर, उभा करायला लाकडी ठोकळा.

सेन्सरच्या पाटीवरून ट्रान्सड्यूसर काढताना आधी सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीने दोन्ही पाय मोकळे करायचे आणि मग ओढायचं. गरम सोल्डरमध्येच ओढाताण केली की पाय आतून निखळतो. सोल्डरिंग आयर्न ३२० अंशांवर आणि प्रत्येक पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. आत पिझो चकती (वीज दिली की कंप पावणारी) आणि तिला चिकटवलेला अॅल्युमिनियमचा छोटा शंकू असतो. जास्त उष्णतेने प्लॅस्टिकचा तळ मऊ होऊन पाय सैल होतात आणि चकतीचं ध्रुवीकरणही कमी होऊ शकतं. असा ट्रान्सड्यूसर मरत नाही, नुसताच मंद होतो, म्हणून दोष सापडायला वेळ लागतो.

मोटर ड्रायव्हर का? नॅनोच्या पायावर ५ व्होल्टच मिळतात. एल२९८एनच्या एच-ब्रिजमधून (विजेची दिशा उलटवणारं सर्किट) १० व्होल्टच्या पुरवठ्यावर ट्रान्सड्यूसरला एकदा +१० आणि एकदा −१०, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत २० व्होल्ट मिळतात (चिपमध्ये पडणारे दीड-दोन व्होल्ट वजा). ही चिप मोटरसाठी आहे. तिच्या डेटाशीटमध्ये स्विचिंगची वारंवारता साधारण २५ आणि कमाल ४० किलोहर्ट्झ दिली आहे. आपण अगदी काठावर चालवतोय. चालते, पण तापते.

९ जून: ४० किलोहर्ट्झ नेमके

नॅनोचा टायमर १ सीटीसी पद्धतीत (ठरलेल्या आकड्याला पोचला की पुन्हा शून्यापासून मोजायचं) चालवायचा आणि दर इंटरप्टला, म्हणजे टायमरच्या प्रत्येक इशाऱ्याला, ए० ते ए३ या चारही पायांची स्थिती उलटवायची. एका पूर्ण आवर्तनाला दोन उलटापालटी लागतात, म्हणून इंटरप्ट ८० किलोहर्ट्झचा हवा. घड्याळ १६ मेगाहर्ट्झ. भागिले ८०,००० म्हणजे २००. पण तुलना-रजिस्टरमध्ये २०० लिहायचं नाही, १९९ लिहायचं, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. २०० लिहिलं तर वारंवारता ३९.८ किलोहर्ट्झ येते. दाणा तेव्हाही तरंगतो, म्हणून हा फरक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र ट्रान्सड्यूसरचा अनुनाद, म्हणजे ज्या पट्ट्यात तो जोरात वाजतो तो पट्टा, फार अरुंद, जेमतेम २ किलोहर्ट्झ रुंदीचा असतो, आणि काही नॅनोंवर क्वार्ट्झऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची स्वतःची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाते. दोन्ही चुका एकाच दिशेने पडल्या की चारशे हर्ट्झचा घोळ.

टायमर ० चे इंटरप्ट बंद करायचे. तो मिलिसेकंद मोजत मध्येमध्ये डोकं वर काढतो आणि तेवढ्यापुरती लाट पुढेमागे सरकते. सिरियल पोर्टवर काही छापायचंही नाही.

तरंग चौकोनी जातो, सायनसारखा नाही. चालतं. चौकोनी तरंगात १२० आणि २०० किलोहर्ट्झच्या संवादी वारंवारता असतात खऱ्या, पण ट्रान्सड्यूसर त्यांना दादच देत नाही.

जोडणी: ए० ते ए३ अनुक्रमे ड्रायव्हरच्या आयएन१ ते आयएन४ ला. ए० आणि ए१ कायम एकमेकांच्या उलट, तसेच ए२ आणि ए३. एनेबलचे जंपर जागेवर. ड्रायव्हरवर ५ व्होल्टचा रेग्युलेटर असतो, त्यातूनच नॅनोला पुरवठा. मात्र रेग्युलेटरचा जंपर लावलेला असताना १२ व्होल्टच्या वर जायचं नाही. नॅनो, ड्रायव्हर आणि अॅडॉप्टर यांचा ग्राउंड एक असलाच पाहिजे.

११ जून: दाणा बसला

ट्रान्सड्यूसर समोरासमोर, तोंडं सुमारे २६ मिलिमीटर अंतरावर, उभ्या रेषेत. जोडी अशी सपाट आणि जवळ असते तेव्हा आवाज दोन्ही तोंडांवर आपटून परत येतो, त्यामुळे अंतर जुळवावंच लागतं. वरचा ट्रान्सड्यूसर एका लांब बोल्टवर बसवला. एम३ बोल्टचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. अर्धा अर्धा फेरा फिरवत गेलं की एका ठिकाणी दाणा चटकन घट्ट होतो.

दाणा ठेवायचा कसा, हा प्रश्न यंत्र बनवण्याइतकाच अवघड निघतो. बोटं आणि चिमटा दोन्ही आवाज परावर्तित करतात, म्हणजे दाणा सोडायच्या क्षणीच तरंगाचा आकार बिघडलेला असतो. शिवाय थर्माकोल स्थिर विजेने चिमट्याला चिकटतो. त्यावर तोड म्हणजे गाळणीची धातूची बारीक जाळी. तिच्यातून आवाज बराचसा आरपार जातो. जाळीवर दाणे ठेवायचे, खालून वर हळूच आणायचे आणि जाळी खाली घ्यायची. दाणे आपापल्या मजल्यावर उरतात.

एक बारकावा: दाणा नोडच्या नेमक्या मध्यावर बसत नाही, किंचित खाली बसतो. नोडवर बल शून्य असतं. वजन तोलण्याइतकं बल मिळेपर्यंत त्याला खाली सरकावं लागतं. व्होल्टेज कमी करत गेलं की तो आणखी खाली येत जातो आणि दोन नोडमधल्या अंतराच्या चौथ्या हिश्श्याइतका खाली आला की सुटतो. हे डोळ्यांनी दिसतं. पडायच्या आधी तो नेहमीच तशी सूचना देतो.

१४ जून: दाण्यांची मोजपट्टी

पाच दाणे एकावर एक, मागे मिलिमीटरची पट्टी, कॅमेरा दोन मीटर लांब ठेवून झूमने फोटो (जवळून घेतला तर तिरप्या नजरेमुळे अंतर चुकतं). पहिल्यापासून पाचव्यापर्यंतच्या चार अंतरांची बेरीज १७.४ मिलिमीटर. एक अंतर ४.३५, तरंगलांबी ८.७०, गुणिले ४०,०००: सेकंदाला ३४८ मीटर. त्या वेळी हवा २४ अंशांवर होती, तिथे वेग ३४५.८ असायला हवा. पाच थर्माकोलच्या दाण्यांतून एक टक्क्याच्या आत आवाजाचा वेग. पट्टी वाचण्यातली चूकच एवढी असते.

तापमानाचं सूत्र: वेग = ३३१.३ + ०.६०६ × अंश सेल्सिअस. म्हणजे एका अंशामागे तरंगलांबी ०.१८ टक्क्यांनी वाढते.

१९ जून: दुसरा टप्पा, ७२ ट्रान्सड्यूसर आणि त्यांची दिशा

आराखडा ब्रिस्टल विद्यापीठातल्या आसिएर मार्झो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टायनीलेव्ह या लेव्हिटेटरच्या धर्तीवर. १० मिलिमीटरचे ७२ ट्रान्सड्यूसर, दोन वाट्यांत ३६-३६, प्रत्येक वाटीत ६, १२ आणि १८ अशी तीन कडी. वाट्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या. आपल्या वाटीची वक्रतात्रिज्या ६० मिलिमीटर ठेवली आहे. दोन्ही वाट्यांचं केंद्र एकाच बिंदूवर येतं, म्हणून सगळा आवाज तिथे एकवटतो. त्यांच्या शोधनिबंधात १० वॉटमध्ये घन सेंटिमीटरला २.२ ग्रॅम घनतेपर्यंतच्या वस्तू धरल्याचं दिलं आहे. पाणी त्याच्या निम्म्याहून खाली आहे.

या टप्प्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे प्रत्येक ट्रान्सड्यूसरची पोलॅरिटी तपासणं. एक पाय धन, एक ऋण. उलटा जोडला तर तो इतरांच्या विरुद्ध ढकलतो. ३६ मधला एक उलटा असला की ३५ उरत नाहीत, ३४ उरतात, कारण तो स्वतःचं तर देत नाहीच, वर दुसऱ्या एकाचंही खातो. चार उलटे असले तर ३६ चे २८. दाब ७८ टक्के आणि बल (पुन्हा तो वर्ग) ६० टक्के. पाच-पन्नास पैशांच्या आळसाने ४० टक्के ताकद गेली. कारखान्याच्या खुणेवर विसंबायचं नाही. एकाच पिशवीत उलट खुणांचे सापडतात.

तपासणी अशी: एक ट्रान्सड्यूसर कायमचा पाठवणारा म्हणून पक्का बसवायचा आणि ४० किलोहर्ट्झवर चालवायचा. समोर एक साचा, त्यात तपासायचा ट्रान्सड्यूसर खोचायचा. ऑसिलोस्कोपच्या (तरंगाचा आलेख पडद्यावर दाखवणारं उपकरण) पहिल्या चॅनलवर पाठवलेला तरंग, दुसऱ्यावर आलेला. शिखराखाली शिखर आलं तर डाव्या पायाशी लाल खूण, शिखराखाली दरी आली तर उजव्या. साचा घट्टच हवा. खोचण्याची खोली ४.३ मिलिमीटरने बदलली तर तोच ट्रान्सड्यूसर उलटा दिसतो! एक-दोन मिलिमीटरची ढिलाईसुद्धा निकाल संदिग्ध करते. म्हणून साच्याच्या तळाला टेकेपर्यंत दाबणं हा नियमच. ऑसिलोस्कोप नसेल तर १९२ किलोहर्ट्झने नमुने घेणारं साउंड कार्डही ४० किलोहर्ट्झ दाखवू शकतं. साधा मल्टिमीटर मात्र निरुपयोगी, त्याला एवढी वारंवारता झेपत नाही.

याच तपासणीत मंद ट्रान्सड्यूसरही बाजूला काढता येतात. आलेल्या तरंगाची उंची इतरांच्या निम्म्याहून कमी, किंवा शिखर पाव आवर्तन सरकलेलं, तर तो बाद. सरकलेलं शिखर म्हणजे त्याचा अनुनाद ४० पासून दूर आहे. अनुनादापासून १ किलोहर्ट्झ हललं की फेज (आवर्तनातली लाटेची जागा, पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं) सुमारे ४५ अंशांनी घसरते. सुटे सात-आठ जास्तच घ्यावेत.

२३ जून: वाट्या भरणं

लाल खुणेचा पाय प्रत्येक कड्यात केंद्राच्या दिशेने. मग कथिलाचा मुलामा दिलेली उघडी तांब्याची तार कडं करून आतल्या पायांवर एक आणि बाहेरच्या पायांवर एक, अशी सरळ सोल्डर करता येते. ट्रान्सड्यूसर बसवताना गरम गोंद फक्त मागून, कडेला थेंबभर. पुढच्या जाळीत गोंद गेला की तो गेला. तोंडं वाटीच्या आतल्या पृष्ठभागाशी सारखी टेकलेली हवीत. एखादा मिलिमीटरभर मागे राहिला तर त्याची लाट ४० अंशांनी मागे पडते.

तारांची लांबी वर-खाली सारखी ठेवायची काही गरज नाही. ४० किलोहर्ट्झच्या विद्युत तरंगाची लांबी साडेसात किलोमीटर आहे. अर्ध्या मीटरची जास्तीची तार त्याच्या खिजगणतीतही नाही.

२४ जून

वीज देण्याआधी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजायचा. एकेकाचा सुमारे २ नॅनोफॅरड, ३६ चे मिळून ७० च्या आसपास. तपासणीच्या वेळीच प्रत्येकाचा आकडा लिहून ठेवला असेल तर बेरजेशी ताडता येतं. जेवढी तूट, तेवढे सांधे कच्चे. खालची वाटी बेरजेशी जुळली, वरचीत ४ नॅनोफॅरडची तूट, म्हणजे दोन सांधे. तिसऱ्या कड्यावर भिंगातून बघितल्यावर दोन पायांभोवती सोल्डरची बारीक काळी फट दिसली: सोल्डर तारेला धरलंय, पायाला नाही. फ्लक्स लावून पुन्हा तापवले. दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मेगाओममध्ये हवा. काही ओम दिसले तर कुठेतरी दोन्ही कडी चिकटलीत.

२६ जून: पहिली चाचणी आणि ‘९० अंशांची हवा’

६ व्होल्टवर सुरू, मग ८, मग १०. विजेचा प्रवाह १० व्होल्टला एका अँपिअरच्या आत. दोन अँपिअरकडे झुकला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधायचा. एल२९८एनच्या उष्णताशोषकाला पाच मिनिटांनी बोट टेकवत नाही. छोटा पंखा हवा, पण त्याची झुळूक दाण्यांकडे जाता कामा नये. याहून बरा पर्याय टीसी४४२७ सारखा मॉसफेट ड्रायव्हर. तो १८ व्होल्टपर्यंत चालतो आणि फारसा तापत नाही.

दोन्ही वाट्या एकाच फेजमध्ये असतील तर बरोबर मध्यावर दाब सर्वाधिक, म्हणजे तिथे दाणा थांबत नाही. तो मध्याच्या थोडा वर किंवा खाली बसतो. वरच्या वाटीच्या दोन तारा अदलाबदल केल्या की नोड मध्यावर येतो. मध्यावरचा सापळा सगळ्यात मजबूत, म्हणून तशीच जोडणी ठेवली.

इथे अंतर जुळवत बसावं लागत नाही, ही या रचनेची खरी कमाई. एका बाजूला स्रोत आणि दुसरीकडे नुसता परावर्तक असेल तर मधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत लागतं आणि हवा तापली की जुळवलेलं बिघडतं. दोन्हीकडून सारखाच आवाज येत असेल तर मध्यबिंदू समतोलानेच ठरतो, तापमान काहीही असो.

मग १४ जूनचंच मोजमाप पुन्हा. हवा २७ अंशांवर, अपेक्षित अंतर ४.३५. मध्याजवळच्या चार अंतरांची बेरीज १९.३ मिलिमीटर, म्हणजे एक अंतर ४.८३. त्यावरून आवाजाचा वेग काढला तर ३८६ मीटर, आणि तेवढ्या वेगासाठी हवा ९० अंश सेल्सिअसला हवी!

मोजमाप बरोबर आहे, गृहीतक नाही. वाटीतले ट्रान्सड्यूसर सरळ वर बघत नाहीत, तिरपे केंद्राकडे बघतात. आतलं कडं सुमारे १० अंशांनी, मधलं २० आणि बाहेरचं ३२ अंशांनी कललेलं. तिरक्या लाटेची शिखरं उभ्या अक्षावर मोजली तर ती लांब लांब पडतात: तरंगलांबी भागिले कोनाचं कोसाइन. तिन्ही कड्यांच्या संख्येनुसार कोसाइनची सरासरी ०.९० येते. ४.३५ भागिले ०.९० म्हणजे ४.८३. आकडा तंतोतंत बसला. बाहेरच्या कड्यात निम्मे ट्रान्सड्यूसर आहेत, त्यामुळे त्याचंच पारडं जड.

३० जून: पाण्याचा थेंब

२ मिलिमीटर व्यासाचा थेंब म्हणजे ४.२ मायक्रोलिटर. ०.४ मिलिमीटरची बोथट केलेली सुई, टोकाला मेणाचा पातळ हात, म्हणजे पाणी सुईला धरून राहत नाही. सुई आडवी नोडपर्यंत न्यायची, थेंब पुरेसा फुगला की झटकन आडवीच मागे घ्यायची. वर ओढली तर थेंब सुईबरोबर येतो.

व्होल्टेज कमी पडलं तर थेंब गळतो, जास्त झालं तर चपटा होत होत भाकरीसारखा पसरतो आणि क्षणात फुटून तुषार उडतात. मधली पट्टी अरुंद आहे. मोठा थेंब आधी फुटतो, कारण चपटेपणा त्रिज्येबरोबर वाढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल हलकं आहे (घनता घनमीटरला ७८६ किलो), पण त्याचा पृष्ठताण २२, पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर. म्हणून ते उचलायला सोपं आणि फोडायलाही सोपं. शिवाय ज्वलनशील. गरम ड्रायव्हरच्या वर ते वापरायचं नाही.

थेंब वाळत जातो तसा गोल होत जातो, पण व्होल्टेजला हात लावावा लागत नाही. ५ जूनच्या गणितात आकार कटला होता तो हा असा समोर दिसतो. अर्थात याला खालची मर्यादा आहे. काही दशक मायक्रॉनच्या खाली हवेचे ध्वनीनेच निर्माण झालेले प्रवाह वरचढ ठरतात आणि कण वाहून जातो. म्हणूनच ह्युमिडिफायरचं धुकं मध्ये सोडलं तर क्षणभर आडवे पट्टे दिसतात आणि लगेच भोवऱ्यात विरतात. टाल्कम पावडरचंही तेच.

मिठाच्या संपृक्त पाण्याचा थेंब ठेवला तर शेवटी अधांतरी मिठाचा खडा उरतो. भांड्याची भिंत कुठेच नाही, त्यामुळे स्फटिक भिंतीवर सुरू होत नाही. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने औषधांच्या द्रावणांवर हेच तंत्र वापरलं, स्फटिक न होऊ देता औषध घन करण्यासाठी. मिठाचा खडा कोरडा होताना मात्र सांभाळायचं: मिठाची घनता घन सेंटिमीटरला २.१६ ग्रॅम, म्हणजे थेंबासाठी जेमतेम पुरणारं व्होल्टेज शेवटी अपुरं पडतं. थेंब अर्धा वाळला की एखादा व्होल्ट वाढवायचा.

३ जुलै: दाणा वर-खाली

खालच्या वाटीची फेज सरकवली की सगळे नोड एकत्र सरकतात. पूर्ण ३६० अंशांना एक नोड-अंतर. नॅनोच्या घड्याळात ४० किलोहर्ट्झचं एक आवर्तन ४०० ठोक्यांचं. त्याचे दहा भाग केले तर एक पायरी ४० ठोक्यांची, ३६ अंशांची, आणि आपल्या वाट्यांत ०.४८ मिलिमीटरची.

पायऱ्या किती वेगाने द्यायच्या हे महत्त्वाचं. सापळ्यातला थेंब हा स्प्रिंगवरच्या वजनासारखाच हेलकावतो. बल वजनाच्या दुप्पट असेल तर ही वारंवारता सेकंदाला सुमारे २५ येते. सेकंदाला २५ पायऱ्या दिल्या की प्रत्येक पायरी झोक्याला धक्का देते आणि थेंब उडतो. सेकंदाला पाच-सहा पायऱ्या निर्धोक. थर्माकोलला बल वजनाच्या कितीतरी पट मिळतं, त्याची वारंवारता शंभराच्या घरात, म्हणून तो घाई खपवून घेतो. केंद्रापासून तीन-चार नोड दूर गेलं की आवाज एकवटलेला राहत नाही. थेंब तिथे नेऊ नये, दाणा चालेल.

६ जुलै: प्रदर्शनाची मांडणी आणि खबरदारी

ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाही, असं नव्हे. मध्यावर दीडशे डेसिबलच्या वर दाब असतो. कान वाट्यांच्या मधोमध न्यायचा नाही, तासन्‌तास जवळ बसायचं नाही. कुत्र्याला सुमारे ४५ आणि मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वर ऐकू येतं, त्यांना खोलीबाहेर ठेवायचं. २००६ मध्ये चीनमधल्या शिआन इथल्या संशोधकांनी मुंगी, लेडीबग भुंगा आणि छोटे मासे असे तरंगवले होते. प्रदर्शनात जिवंत काही ठेवायचं नाही.

वरची वाटी काढून ठेवली आणि एनेबलच्या पायावरून खालची वाटी सेकंदाला ४४० वेळा चालू-बंद केली की सूर ऐकू येतो, तोही अरुंद झोतात. एक पाऊल बाजूला सरकलं की बराच मंदावतो. इतक्या तीव्र आवाजाला हवा एकरेषीय राहत नाही आणि स्वतःच श्राव्य भाग वेगळा काढते. या परिणामाचं गणित पीटर वेस्टरव्हेल्ट यांनी १९६३ मध्ये मांडलं. हे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेगळं मांडायचं. थेंबाच्या खोक्याजवळ नको, कारण तेच चालू-बंद होणं थेंबाला हलवतं.

थेंबाभोवती तीन बाजूंनी पारदर्शक अॅक्रिलिकचे पडदे, वाट्यांच्या कडेपासून किमान १० सेंटिमीटर दूर. जवळ आले की परावर्तन होतं आणि दाणे आडवे सरकतात. मागचा पडदा काळा आणि दिवा बाजूने, नाहीतर पांढरा दाणा दिसत नाही. अॅडॉप्टर २ अँपिअरचा, ड्रायव्हर दर अर्ध्या तासाने बदलायला दुसरा तयार. थर्माकोलचे दाणे आणि गाळणी बंद डबीत, कारण ते खोलीत एकदा उडाले की पंख्याच्या पात्यांपर्यंत सगळीकडे सापडतात.